अर्धा म, काना आणि 'मंगल'

मागच्या विकांताला माळा आवरायला काढला. नेरुळच्या आमच्या घरात माळा आवरणं हा सण असतो, म्हणजे वर्षातून एकदा येतो आणि त्या दिवशी घरातलं कोणीतरी रुसतंच. या वेळी जुन्या कॅसेटी, मोडेमचा अडॅप्टर (मोडेम कधीच गेला, अडॅप्टर मात्र आहे!) आणि इंजिनिअरिंगच्या नोट्स यांच्याखाली एक सीडी सापडली. वर मार्करने माझ्याच अक्षरात लिहिलेलं : "वेब लेख - फायनल - नवे".

तर मंडळी, २००१-०२ मध्ये अस्मादिक लेखक होते. आमच्या भागातून निघणाऱ्या एका छोट्या पाक्षिकात मी वेब-डिझाइन आणि 'नवमाध्यमं' यांवर नऊ लेख लिहिले होते. मानधन शून्य. अंकाच्या दोन प्रती मिळायच्या आणि आई त्या येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवायची. पुढे पाक्षिक बंद पडलं. छापील अंकांचा गठ्ठा तळमजल्यावर ठेवला होता, तो २६ जुलै २००५ च्या पावसात गेला. त्यामुळे आता उरलेली प्रत म्हणजे ही सीडी.

लॅपटॉपला सीडी ड्राइव्ह नाही. ऑफिसातल्या एका मित्राकडून बाहेरून लावायचा ड्राइव्ह आणला. सीडी फिरली, घरघरली आणि चक्क उघडली. आत नऊ एचटीएमएल फायली. पहिलीवर क्लिक केलं आणि पानभर एबीसीडी! मधेच डॉलर, मधेच उलटं प्रश्नचिन्ह, मधेच युरोपातल्या कुठल्यातरी भाषेतली टोपी घातलेली अक्षरं. मराठीचा एक शब्द नाही.

सीडी खराब नव्हती. फायलीही खराब नव्हत्या. एकेक बाइट जिथल्या तिथे होता. फक्त त्या फायलींमध्ये मराठी कधी नव्हतीच.

ज्यांनी मराठी थेट मोबाइलवरच लिहिली त्यांना हे सांगावं लागेल. त्या काळात संगणकाच्या लेखी अक्षर म्हणजे एक बाइट, आणि एका बाइटमध्ये २५६ जागा. त्यातल्या पहिल्या ३२ जागा संगणकाच्या स्वतःच्या कामाच्या, आणखी काही बेभरवशाच्या. हातात उरायच्या जेमतेम दोनशे. या दोनशे जागांवर इंग्रजी अक्षरांच्या ऐवजी देवनागरीचे तुकडे बसवायचे, म्हणजे झाला मराठी फाँट. माझ्या फाँटमध्ये इंग्रजी 'एम'च्या जागी अर्धा म होता आणि 'ए'च्या जागी काना. 'म' हवा असेल तर एम-ए टाइप करायचं, 'मा' हवा असेल तर एम-ए-ए. संगणकाला वाटायचं हा माणूस इंग्रजी लिहितोय. डोळ्यांना दिसायचं मराठी. थोडक्यात, मराठी अक्षर हा इंग्रजी अक्षराने घातलेला मुखवटा होता. फाँट काढला की मुखवटा गळून पडायचा.

छापखान्यासाठी हे अगदी झकास होतं. कागदावर एकदा शाई उमटली की खाली कोड काय होता हे कोण विचारतो? माझे लेखही मी हाताने लिहायचो आणि वाशीचे एक डीटीपीवाले काका ते ऑपरेट करून फ्लॉपीवर द्यायचे. तीच फाइल मी उचलून वेबपानात टाकायचो आणि वर लाल अक्षरात एक सूचना, तीही इंग्रजीत : आधी हा फाँट डाउनलोड करा. खाली दुसरी सूचना : हे पान ८०० बाय ६०० मध्ये उत्तम दिसते. जालावरची पहिली मराठी पानं बहुतेक अशीच होती. अमेरिकेतल्या मराठी मंडळींनी १९९६ मध्ये 'मायबोली' सुरू केली तेव्हापासून पुढची सहा-सात वर्षं, जालावर मराठी वाचायचं म्हणजे आधी फाँट उतरवून घ्यायचा. प्रत्येक साइटचा फाँट वेगळा, प्रत्येक वृत्तपत्राचा वेगळा. एकाचा मजकूर दुसऱ्याच्या फाँटमध्ये उघडला की बोंब. काही जण या भानगडीत न पडता सरळ अख्ख्या पानाचं चित्रच टाकायचे. ते दिसायचं हमखास, पण डायल-अपवर उतरेपर्यंत चहा करून पिऊन व्हायचा.

नशीब म्हणजे सीडीवर फाँटची फाइलही होती. म्हटलं, आपण एवढी वर्षं पगार कशाचा घेतो? करू कन्व्हर्टर. शनिवारी रात्री अकराला बसलो.

पहिलं काम तक्त्याचं. फाँटमधल्या प्रत्येक जागेवर कुठला तुकडा आहे ते बघायचं आणि समोर युनिकोडमधलं अक्षर लिहायचं. कंटाळवाणं, पण सरळ. तक्ता लावून पहिली फाइल फिरवली आणि पडद्यावर जे आलं ते बघून एकटाच हसत बसलो. मजकुराबरोबर एचटीएमएलच्या टॅगांचंही मराठी झालं होतं! 'टेबल', 'फाँट', 'सेंटर' या सगळ्यांचं भाषांतर नव्हे, धर्मांतर. टॅग वगळून पुन्हा फिरवलं.

मग वेलांटी. जुन्या फाँटमध्ये सगळं डोळ्यांच्या क्रमाने असतं. पहिली वेलांटी डावीकडे दिसते, म्हणून ती आधी टाइप करायची आणि अक्षर नंतर. युनिकोडमध्ये सगळं उच्चाराच्या क्रमाने : आधी व्यंजन, मग स्वर. म्हणजे प्रत्येक वेलांटी उचलून पुढच्या अक्षराच्या मागे न्यायची. आणि ते पुढचं अक्षर जोडाक्षर असेल, तर अख्ख्या जोडाक्षराच्या मागे.

मग रफार, आणि तो नेमका उलटा. डोळ्यांना तो अक्षराच्या डोक्यावर दिसतो, म्हणून जुन्या फाँटमध्ये तो अक्षर झाल्यावर यायचा. पण उच्चारात र् आधी. 'निर्मिती' हा साधा शब्द घ्या. जुन्या फायलीत क्रम होता : वेलांटी, न, वेलांटी, म, रफार, त, दुसरी वेलांटी. त्यातल्या दोन वेलांट्या पुढे ढकलायच्या आणि रफार मागे ओढायचा, तेव्हा कुठे निर्मिती होते. त्यात जागा वाचवायला आणि शोभा वाढवायला फाँटवाल्यांनी वेलांटी-रफार-अनुस्वार असे एकत्र तुकडेही केलेले. रात्रीचे अडीच वाजले. बायको एकदा उठून बघून गेली. काही बोलली नाही, म्हणजे परिस्थिती गंभीर होती.

पावणेतीनला पहिला लेख वाचता आला. वीस-बावीस वर्षांनी.

*

वाचला आणि ओशाळलो.

त्या वयात माणूस सगळ्या जगाला सल्ला देतो, तसा मी दिला होता. पहिल्या लेखात फ्लॅशच्या इंट्रोचं कौतुक. (फ्लॅशला आडोबीने ३१ डिसेंबर २०२० ला अधिकृत निरोप दिला.) तिसऱ्यात मोबाइलवरचं वॅप हे कसं उद्याचं माध्यम आहे याचं निरूपण. पाचव्यात 'डायनॅमिक फाँट' हा मराठीवरचा रामबाण उपाय.

हा रामबाण काय होता तेही सांगतो. वाचकाला फाँट उतरवायला लावण्याऐवजी पानाबरोबरच फाँट पाठवायचा. १९९७ मध्ये नेटस्केप ४ ने बिटस्ट्रीम कंपनीची एक पद्धत घेतली आणि मायक्रोसॉफ्टने इंटरनेट एक्स्प्लोररसाठी आपली वेगळीच काढली. म्हणजे दोन्ही ब्राउझरसाठी दोन फाँट बनवा. २००० मध्ये नेटस्केप ६ आला, त्यात ती जुनी पद्धत काढून टाकलेली! तरी २००१ मध्ये मी छातीठोकपणे लिहितोय की 'मराठी संकेतस्थळांचा प्रश्न आता सुटला आहे.' तरुणपणी प्रश्न फार लवकर सुटतात.

सहावा आणि सातवा लेख मात्र जरा बरे निघाले. त्यात मी इंग्रजीत त्या वेळी चाललेला वाद मराठीत आणायचा प्रयत्न केला होता. तो वाद थोडक्यात असा. वेब निघालं ते शास्त्रज्ञांचे निबंध एकमेकांना दाखवायला. १९९३ मध्ये मोझेइक ब्राउझरने मजकुराच्या मधोमध चित्रं दाखवायला सुरुवात केली आणि डिझायनर मंडळी आत शिरली. त्यांना छापील मासिकासारखं पान हवं होतं. वेबला तसं पान माहीतच नव्हतं. मग डेव्हिड सीगलने १९९६ च्या त्याच्या गाजलेल्या पुस्तकात युक्त्या शिकवल्या : आकडेवारीसाठी असलेलं टेबल पानाची मांडणी करायला वापरा, एका पिक्सेलचं न दिसणारं चित्र ताणून मोकळी जागा तयार करा. सगळ्या जगाने त्या युक्त्या उचलल्या. गंमत म्हणजे १९९७ मध्ये याच सीगलने लेख लिहून कबूल केलं की वेबचा बट्ट्याबोळ झालाय आणि तो आपणच केलाय.

१९९८ मध्ये वेब स्टँडर्ड्स प्रोजेक्ट सुरू झाला. त्यांचं म्हणणं साधं होतं : मजकूर वेगळा, त्याचं रूप वेगळं. मजकुराला त्याच्या अर्थाप्रमाणे खुणा करा. मथळा असेल तर मथळा म्हणा, नुसतं 'मोठं आणि ठळक' म्हणू नका. रूप स्टाइलशीटमध्ये ठेवा. जॉन ऑलसॉपने एप्रिल २००० मध्ये लिहिलं की वेब म्हणजे कागद नाही, पान कुठल्या पडद्यावर उघडेल ते तुमच्या हातात नाही, तेव्हा हट्ट सोडा. फेब्रुवारी २००१ मध्ये जेफ्री झेल्डमनने नियम न पाळणाऱ्या जुन्या ब्राउझरांना सरळ 'खड्ड्यात जा' म्हटलं. त्याच वर्षी लेव्ह मॅनोविचचं नवमाध्यमांवरचं पुस्तक आलं. त्याचा मुद्दा असा की नव्या माध्यमातली प्रत्येक गोष्ट मुळात आकड्यांत लिहिलेली असते, म्हणून तिचं रूप हवं तेव्हा बदलता येतं.

हे सगळं मी मोठ्या तावातावाने मराठीत मांडलं होतं. "मजकूर आणि रूप यांची फारकत हाच नव्या माध्यमाचा धर्म आहे," असं वाक्यसुद्धा आहे. वाक्य बरोबर आहे. पण मी ते कशात लिहिलं होतं? अशा फायलीत, जिच्यात मजकूर नव्हताच, फक्त रूप होतं! रूप काढून घेतलं तर खाली डॉलर आणि उलटी प्रश्नचिन्हं. मी वाचकांना 'मथळ्याला मथळा म्हणा' असं शिकवत होतो आणि माझ्या पानावर 'म'ला 'म' म्हटलेलं नव्हतं.

हे त्या रात्री लक्षात आलं आणि पुढे झोप लागली नाही. कारण प्रश्न एका लेखाचा नव्हता. त्या पानांवरचं मराठी कुठल्या शोधयंत्राला सापडणार नव्हतं, कारण शोधयंत्राच्या लेखी ते इंग्रजीही नव्हतं आणि मराठीही. ते अकारविल्हे लावता येत नव्हतं. ईमेलमध्ये चिकटवता येत नव्हतं. अंध वाचकाला वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरला त्यातलं काहीही कळलं नसतं. आम्ही मराठीला जालावर नेलं असं समजत होतो. प्रत्यक्षात तिचा फोटो नेला होता.

*

आता खरी चुटपूट.

याच काळात या प्रश्नाचं खरं उत्तर तयार होत होतं, आणि ते तयार करणारी एक संस्था माझ्या घरापासून लोकलच्या दोन-चार स्टेशनांवर होती. एनसीएसटी, म्हणजे नॅशनल सेंटर फॉर सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी. टीआयएफआरमधल्या एका केंद्रातून १९८५ मध्ये ही संस्था उभी राहिली. मूळ ठिकाण जुहू, आणि दुसरा परिसर इथे खारघरला. २००३ मध्ये ती सी-डॅकमध्ये विलीन झाली, म्हणून आज तिथे सी-डॅकची पाटी आहे. भारतात इंटरनेट १५ ऑगस्ट १९९५ ला व्हीएसएनएलने सर्वांसाठी खुलं केलं असं आपण म्हणतो. पण त्याआधी जवळपास दशकभर शिक्षणसंस्थांना जोडणाऱ्या 'अर्नेट' या जाळ्यातली ही एक मुख्य गाठ होती. 'डॉट इन'च्या नावांची नोंदणीही २००४-०५ पर्यंत याच संस्थेकडे होती. आमच्या बॅचचे काही जण तिथे कोर्स करायचे. मी स्वतः खारघरच्या त्या आवारात एका मित्राला भेटायला दोनदा गेलो होतो. कॅन्टीनमध्ये चहा पिऊन परत आलो.

या संस्थेत त्या वर्षांत रघुनाथ कृष्ण जोशी काम करत होते. आर. के. जोशी. सुलेखनकार, अक्षर-रचनाकार आणि मराठीत शब्दांचीच चित्रं करणारे कवी. बरीच वर्षं उल्का या जाहिरातसंस्थेत काढली, मग १९८३ पासून पवईच्या आयआयटीत आयडीसीमध्ये शिकवलं. तिथून निवृत्त झाल्यावर ते एनसीएसटीत आले. त्यांनी विनय सायनेकर यांच्या साथीने जो देवनागरी फाँट केला त्याचं नाव 'मंगल'. फेब्रुवारी २००० मध्ये विंडोज २००० बाजारात आलं, त्यात हा फाँट होता. संगणक विकत घेतल्याबरोबर त्यात देवनागरी असणं ही गोष्ट आपल्यापैकी बहुतेकांच्या बाबतीत 'मंगल'पासून सुरू झाली.

त्याचं महत्त्व समजायला दोन पावलं मागे जायला हवं. युनिकोडची पहिली आवृत्ती १९९१ ची. त्यात देवनागरीला १२८ जागा मिळाल्या आणि त्यांची मांडणी आपल्याच १९८८ च्या 'इस्की' या भारतीय मानकावरून घेतली होती. या १२८ जागांमध्ये अर्धा म नाही. रफार नाही. क्ष नाही, ज्ञ नाही, एकही जोडाक्षर नाही. फक्त मूळ व्यंजनं, स्वर, त्यांची चिन्हं, आकडे आणि हलन्त. 'क्ष' म्हणजे क, हलन्त, ष. ते कसं दिसावं हे कोड सांगत नाही. ते फाँटने आणि संगणकातल्या अक्षर जुळवणाऱ्या प्रोग्रॅमने ठरवायचं. विंडोजमध्ये त्या प्रोग्रॅमचं नाव युनिस्क्राइब.

आता जुन्या छापखान्याची आठवण करा. शिशाचे खिळे असायचे आणि कुठला खिळा कुठे बसवायचा हे जुळारी ठरवायचा. वेलांटी लांब हवी की आखूड, जोडाक्षर उभं करायचं की आडवं, हा निर्णय त्याच्या बोटांत. खिळ्यांची संख्या एवढी की टिळकांसारख्या माणसाने केसरीसाठी ती कमी करण्याचा उद्योग मागे लावून घेतला होता. डीटीपीच्या काळात जुळाऱ्याची जागा ऑपरेटरने घेतली, पण निर्णय माणसाच्याच हातात राहिला. आमचे काका कुठलं अर्धं अक्षर कुठे शोभेल ते बघून टाइप करायचे. युनिकोडमध्ये पहिल्यांदा असं झालं की लिहिणारा फक्त उच्चार लिहिणार. जुळाऱ्याची सगळी अक्कल फाँटच्या आत आधीच भरून ठेवायची, आणि तीही सगळ्या संभाव्य जोड्यांसाठी, जी जोडी उद्या कोण लिहील ते माहीत नसताना!

मजकूर आणि रूप यांची फारकत ती हीच. सीगल, झेल्डमन मंडळी पानाच्या पातळीवर ज्यासाठी भांडत होती, ते जोशी आणि त्यांचे सहकारी अक्षराच्या पातळीवर करून बसले होते. इंग्रजीला हा प्रश्न कधी पडलाच नाही, म्हणून इंग्रजीतल्या वेब-डिझाइनच्या पुस्तकांत तो नव्हता. आणि मी ती पुस्तकं वाचून मराठीत लिहीत होतो, म्हणून माझ्याही लेखांत तो नव्हता. नऊ लेखांत 'युनिकोड' हा शब्द एकदाच आलाय. आठव्या लेखात, कंसात : 'हे सध्या प्रायोगिक आहे.'

स्वतःची बाजू मांडायची तर ते अगदीच खोटं नव्हतं. २००१ मध्ये सायबर कॅफेत विंडोज ९८ असायचं. पुढे एक्सपी आलं, त्यात देवनागरी होती, पण झोपलेली. कंट्रोल पॅनेलमध्ये रीजनल अँड लँग्वेज ऑप्शन्स, तिथला दुसरा टॅब, त्यातल्या एका चौकोनात टिक, मग ते मशीन एक्सपीची सीडी मागणार. कॅफेवाला सीडी देणार? छे! तोवर 'मंगल' असूनही वेलांट्या भलत्याच बाजूला आणि जोडाक्षरांचे पाय मोडलेले. शिवाय वजनाचा प्रश्न. जुन्या फाँटमध्ये एका तुकड्याला एक बाइट लागायचा, युटीएफ-८ मध्ये देवनागरीच्या प्रत्येक कोडला तीन. डायल-अपच्या जमान्यात हा आक्षेप मी स्वतः चारचौघांत घेतलेला आहे. आज लाज वाटते, कारण त्याच पानावर मी दीडशे केबीचा फिरता गणपती ठेवला होता :)

पण चित्र बदलत होतं, आणि ते आमच्यासारख्या सल्लागारांमुळे नव्हे. १ मे २००३ ला मराठी विकिपीडिया सुरू झाला. २००४ मध्ये 'मनोगत' आलं, तेही युनिकोडवर आणि वर शुद्धलेखन तपासण्याच्या सोयीसकट. शुद्धलेखन तपासायचं तर संगणकाला आधी शब्द कळावा लागतो, जुन्या फाँटमध्ये ते जमलंच नसतं. रोमन अक्षरांत टंकून देवनागरी उमटवणारी साधनं आली, आणि बघता बघता लोक फाँटचं नाव विसरले. पायाभूत कामाचं हेच होतं. ते नीट झालं की दिसत नाही.

मराठीचे काही हट्ट पुढेही उरले. 'ॲ' हे अक्षर, ज्याच्याशिवाय आपली ॲम्ब्युलन्स हलत नाही, त्याला युनिकोडमध्ये स्वतःची जागा २००८ मध्ये, ५.१ या आवृत्तीत मिळाली. तोवर प्रत्येकाची वेगळी जोडाजोड. 'दऱ्या'मधला र आणि 'दर्या'मधला र वेगळा, हे हिंदीला लागत नाही, आपल्याला लागतं. त्यासाठी नुक्तावाला ऱ वापरावा लागतो. 'मंगल'मधले ल आणि श हिंदी वळणाचे, म्हणून अनेक मराठी शिक्षकांना तो फाँट परका वाटायचा. २००९ मध्ये महाराष्ट्र शासनाने मराठी वर्णमालेबद्दल जो निर्णय काढला त्यात आपल्या वळणाचे ल आणि श नक्की केले. आता मुंबईतल्या 'एक टाइप'सारख्या मंडळींनी केलेले मोफत देवनागरी फाँट पानाबरोबर आपोआप येतात. म्हणजे १९९७ चा तो 'रामबाण' २००९-१० नंतर खरोखरच लागू पडला, पण खाली युनिकोडची जमीन तयार झाल्यावर.

आर. के. जोशी फेब्रुवारी २००८ मध्ये गेले. बातमी मी 'मंगल'मध्येच वाचली असणार. तेव्हा लक्षात आलं नाही. मी वेब-डिझाइनवर नऊ लेख लिहिले, त्यात डेव्हिड सीगलचं नाव सात वेळा आहे (हो, मोजलं, आता मोजता येतं!) आणि आर. के. जोशींचं एकदाही नाही. दोन वेळा त्या आवारात गेलो आणि कुणाला 'इथे काय काम चालतं हो?' एवढंही विचारलं नाही. त्या वयात मला वाटायचं की नव्या माध्यमाचा इतिहास कॅलिफोर्नियात घडतो आणि आपण तो भाषांतर करून घ्यायचा असतो. हार्बर लाइनवर, आपल्याच बोलीतला एखादा माणूस तो घडवत असेल, ही शक्यताच डोक्यात आली नाही.

असो. रविवारी सकाळी उरलेले आठ लेख फिरवले आणि साध्या टेक्स्ट फाइलमध्ये ठेवले. आईला पहिला लेख मोबाइलवर पाठवला. तिने अक्षर मोठं करून वाचला आणि म्हणाली, "हा तर तू वॅपवर लिहिलेला नाही ना? तो मला तेव्हाही कळला नव्हता."

जाता जाता एक काम सांगतो, माझ्यासारख्या सगळ्या संगणकवाल्यांना. तुमच्याही घरी अशी एखादी सीडी असेल. आजोबांच्या आठवणी, मावशीचा कवितासंग्रह, सोसायटीच्या गणेशोत्सवाची रौप्यमहोत्सवी स्मरणिका, डीटीपीवाल्याकडून करून आणलेली. ती उघडून बघा. डोळ्यांना मराठी दिसतंय का एवढंच बघू नका. एक शब्द उचलून दुसरीकडे चिकटवा आणि तिथे काय येतं ते बघा. एबीसीडी आली, तर तिच्यात मराठी नाही असं समजा आणि फाँटची फाइल हाताशी आहे तोवर कन्व्हर्ट करून घ्या. बऱ्याच जुन्या फाँटसाठी कन्व्हर्टर आता तयार मिळतात, आणि नाही मिळाला तर करायला एक शनिवारची रात्र लागते. फाँट हरवला, तर मात्र प्रत्येक एबीसीडीमागे कुठलं अक्षर होतं ते अंदाजाने शोधत बसावं लागेल.

माझा कन्व्हर्टर ज्याला हवा त्याने मागावा. रफार अजून एका ठिकाणी चुकतो, तेवढं समजून घ्या.